केशसरलीकरण

केशसरलीकरण : नैसर्गिकतः लहरदार किंवा कुरळ्या केसांना उष्णता, ताण किंवा रासायनिक द्रव्ये यांच्या साहाय्याने तात्पुरता अथवा दीर्घकाळ टिकणारा सरळपणा आणण्याची प्रक्रिया. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने दाट आणि लहरदार केसांचा विचार केला आहे. केसांचा दाटपणा डोक्यावरील केसांच्या संख्येवर (सर्वसाधारणपणे सुमारे १ लाख) अवलंबून असतो, तर जाडी ही प्रत्येक केसाच्या व्यासावर (साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर). दाट पण बारीक केस आणि विरळ पण जाड केस यांना लागणारी उष्णता व द्रव्याची तीव्रता वेगवेगळी असल्याने हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो.

केसाच्या तंतूत बाहेरून आत उपत्वचा, बाह्यक व मध्यक असे थर असतात. मध्यक काही केसांत खंडित असतो किंवा नसतोच. उपत्वचेच्या चपट्या पेशी कौलांप्रमाणे एकमेकींवर चढलेल्या असून त्यांची मोकळी टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. केस मुळाकडून शेंड्याकडे हात फिरवल्यास मऊ आणि उलट दिशेने राठ लागतो, तो यामुळेच. तंतूचे बळ आणि आकार बाह्यकातील केराटिन या प्रथिनावर अवलंबून असतात. केराटिनच्या साखळ्या हायड्रोजन बंध, आयनिक बंध आणि सिस्टाइन या ॲमिनो अम्लातील डायसल्फाइड बंध यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. यांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस वाळताना पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंधांवर पाण्याचा परिणाम होत नाही. सरलीकरणाच्या पद्धतींमधील मूलभूत फरक त्या कोणत्या बंधांना हात घालतात यात आहे.

केसाला लहर का येते, याविषयी एकमत नाही. केसाचा छेद वर्तुळाकार असल्यास तो सरळ आणि लंबवर्तुळाकार असल्यास कुरळा होतो, हे स्पष्टीकरण जुन्या ग्रंथांतून व लोकप्रिय लेखनातून वारंवार आढळते. तथापि छेदाचा आकार आणि वक्रता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. दुसरे मत मेंढीच्या लोकरीवरील अभ्यासातून आले. मेरिनो लोकरीच्या तंतूत बाह्यकाचे दोन प्रकारचे पेशीसमूह आमनेसामने असतात व त्यांपैकी एक सातत्याने वळणाच्या बाहेरच्या बाजूस आढळतो, असे १९५० च्या दशकात दाखवून देण्यात आले. यावरून बाहेरच्या बाजूस अधिक पेशी तयार होत असाव्यात असा तर्क मांडला गेला. मेरिनो तंतूंवरील २०१८ मधील संशोधनात मात्र बाहेरच्या बाजूच्या पेशी सरासरीने अधिक लांब असल्याचे आढळून आले आणि पेशींच्या संख्येवर आधारलेला तर्क मागे पडला. मानवी केसात हे विभाजन इतके ठळक नसते, त्यामुळे लोकरीवरील निष्कर्ष जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. वक्र केशपुटक (केस जिथून उगवतो ती त्वचेतील पिशवी) आणि त्यातील पेशींची असममित वाढ यांमुळे लहर निर्माण होते, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते. वक्रतेवर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा आहे : ट्रायकोहायलिन प्रथिनाच्या जनुकातील एका भेदाचा युरोपीय वंशाच्या लोकांतील सरळ केसांशी संबंध असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु एकूण विविधतेपैकी केवळ ६ टक्क्यांच्या आसपास भाग त्याने स्पष्ट होतो.

उष्णतेने केलेले सरलीकरण हायड्रोजन बंधांपुरते मर्यादित असते. ओला केस ताणून वाळवला किंवा तापलेल्या पट्ट्यांमधून ओढला, की बंध नव्या जागी जुळतात. पुढे घाम, दमट हवा किंवा धुणे यांमुळे पाणी मिळताच ते सुटून लहर परत येते. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. केराटिनची रचना कोरड्या केसात सुमारे २३० अंश सेल्सिअसच्या पुढे कोसळते, तर पाण्यात बुडालेल्या केसात त्याहून बऱ्याच कमी, सुमारे १५० अंशांच्या आसपासच्या तापमानाला. ओलसर केसावर तापलेला स्ट्रेटनर फिरवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन तंतूत सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुडबुड्यांच्या माळेसारख्या दिसतात आणि तेथेच केस तुटतो. स्ट्रेटनर वापरण्यापूर्वी केस पूर्ण वाळवावेत, या सूचनेमागे हे कारण आहे.

तापवलेल्या साधनांचा उगम निश्चित सांगता येत नाही. प्राचीन रोममधील ‘कॅलमिस्ट्रम’ ही धातूची तापवण्याची नळी सरलीकरणाचे आद्य साधन म्हणून कधीकधी दाखवली जाते. परंतु तिचे उल्लेख केस कुरळे करण्याच्या संदर्भात येतात, सरळ करण्याच्या नव्हे. फ्रेंच केशरचनाकार मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने केसांना लहरी देण्याची पद्धत साधारणपणे १८७२ मध्ये रूढ केली असे मानले जाते. काहीजण हा काळ पुढे नेतात. त्याचे मूळ उद्दिष्टही लहरी पाडणे हेच होते. तापवलेल्या धातूच्या कंगव्याचे श्रेय अनेक लोकप्रिय लेखांत अमेरिकन उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांना दिले जाते. हे श्रेय टिकणारे नाही. असे कंगवे त्यांच्या व्यवसायाच्या आधीपासून वापरात होते. वॉकर यांचे कार्य टाळूच्या निगेची उत्पादने, विक्री-प्रतिनिधींचे जाळे आणि प्रशिक्षण यांत अधिक होते, आणि कंगव्याचा प्रसार त्यातून झाला असे म्हणणे रास्त ठरेल. वॉल्टर सॅमन्स यांना तापवता येणाऱ्या कंगव्यासाठी अमेरिकन पेटंट डिसेंबर १९२० मध्ये मिळाले, म्हणजे वॉकर यांच्या मृत्यूनंतर. दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर दाबणाऱ्या साधनाचे श्रेय आयझॅक शेरो यांना व १९०९ या वर्षाला दिले जाते. एकूण पाहता एका संशोधकाचा शोध घेण्यापेक्षा, लहरी पाडण्याच्या चिमट्याचे क्रमाक्रमाने झालेले रूपांतर म्हणून या साधनांकडे पाहणे अधिक सयुक्तिक आहे.

रासायनिक सरलीकरणाच्या आरंभाशी अमेरिकन संशोधक गॅरेट मॉर्गन (१८७७–१९६३) यांचे नाव जोडलेले आहे. शिवणयंत्राच्या सुईसाठी घर्षण कमी करणारा द्रव शोधताना तो लोकरीच्या कापडाला लागून त्याचे तंतू सरळ झाले, अशी कथा सांगितली जाते. कथेचे वर्ष निरनिराळे दिले जाते. मॉर्गन यांनी १९१३ च्या सुमारास केशप्रसाधनांची कंपनी काढली, एवढे मात्र निश्चित. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाहक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइड) घरगुती लेप आफ्रिकी-अमेरिकी पुरुषांत प्रचलित होते.

या लेपांमागील रसायनशास्त्राचा उलगडा मुख्यतः लोकरीच्या अभ्यासातून झाला. तीव्र क्षारात डायसल्फाइड बंधातील एक गंधक-अणू निघून जातो आणि लँथिओनिन हे एकाच गंधक-अणूचे संयुग तयार होते; १९४१ मध्ये ते क्षारप्रक्रिया केलेल्या लोकरीतून वेगळे करण्यात आले. हा नवा बंध सामान्य क्षपणकारकांनी (डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या द्रव्यांनी) तुटत नसल्याने केसाचा प्रक्रिया झालेला भाग कायमचा सरळ राहतो. अशा मलमांचे पीएच मूल्य १२ ते १४ असते आणि ती घट्ट कुरळ्या केसांसाठी बनवलेली असतात. लहरदार केसांसाठी ती अनावश्यक तीव्र आहेत. लहरदार केसांना सहसा थायोग्लायकोलेट या क्षपणकारकावर आधारलेली पद्धत लावली जाते. तिचे पीएच मूल्य ९ च्या आसपास असते व ती मुळात केस कायम कुरळे करण्यासाठी विकसित झाली. रिबॉन्डिंग या नावाने परिचित असलेल्या पद्धतीत क्षपणकारक लावून डायसल्फाइड बंधांचा काही भाग तोडतात, केस धुऊन वाळवतात, पातळ बटा घेऊन सुमारे १८० अंश सेल्सिअसला इस्त्री करतात आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध नव्या स्थितीत पुन्हा जोडतात. ही उष्णतायुक्त पद्धत १९९० च्या दशकात जपानमधून इतरत्र पसरली. थायोग्लायकोलेट आणि हायड्रॉक्साइड या प्रक्रिया एकाच केसावर एकापाठोपाठ करू नयेत. दुहेरी आघाताने केस तुटून पडतात. केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढत असल्याने काही महिन्यांतच मुळाशी लहरदार आणि पुढे सरळ अशी सीमा दिसू लागते व तुटण्याची शक्यता याच सीमेवर सर्वाधिक असते.

रसायनांशिवाय व्यवस्थापनात कंडिशनर, सिलिकोनयुक्त सेरम आणि रुंद दातांचा कंगवा यांचा उपयोग सर्वपरिचित आहे. दाट लहरदार केसांचा गुंता ओल्या केसात, कंडिशनर असतानाच, शेंड्याकडून मुळाकडे सोडवल्यास कमी केस तुटतात.

केराटिन ट्रीटमेंट या नावाने २००० नंतर ब्राझीलमधून पसरलेल्या पद्धतीत सरळपणा आणणारे द्रव्य केराटिन नसून बहुधा फॉर्माल्डिहाइड किंवा ते मुक्त करणारे संयुग असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगकारक ठरवले. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असे लेबल असलेल्या द्रव्यांतूनही इस्त्रीच्या उष्णतेने ते बाहेर पडू शकते, असा इशारा अमेरिकन श्रम-सुरक्षा प्रशासनाने २०११ मध्ये पार्लरमधील कामगारांच्या संदर्भात दिला. धोका ग्राहकापेक्षा दिवसभर ती वाफ श्वासात घेणाऱ्यांना अधिक आहे. ३३,४९७ अमेरिकन स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या निरीक्षणावर आधारित २०२२ मधील एका अभ्यासात, वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा सरलीकरणाची रसायने वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाजित धोका ४.०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळला. हा सहसंबंध असून त्यात उत्पादनांतील घटकांची नोंद नव्हती, म्हणून विशिष्ट रसायनावर ठपका ठेवता येत नाही. फॉर्माल्डिहाइडला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायॉक्सिलिक अम्लाविषयीही शंका उपस्थित झाली आहे : २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात सरलीकरणानंतर वारंवार उद्भवलेल्या मूत्रपिंडाच्या तीव्र विकाराची नोंद असून, हे अम्ल त्वचेवर लावलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले.