पाळणे कमी, तरी शहर मोठं

२००१ ते २०११ या दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठाणेच होता. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्यातली, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची वस्ती सात टक्क्यांहून अधिक घटली.

लोकसंख्या वाढली म्हटलं की पोरांची संख्याच आठवते. पण शहर तीन वाटांनी वाढतं: मृत्यूंपेक्षा जन्म जास्त होतात, बाहेरून माणसं येतात, किंवा आसपासची गावंच शहरात जमा होतात. या तिसऱ्या वाटेकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १९७० साली सिडको हे शहरं वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. घणसोली, कोपरखैरणे इथले आगरी-कोळी कुठे गेले नाहीत. त्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर शहरच चालून आलं.

युरोपात शहरांची वाढ सावकाश झाली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दाट वस्त्यांत पटकी आणि क्षयाने माणसं पटापट मरत, त्यामुळे शहरं मुख्यतः खेड्यांतून येणाऱ्यांच्या बळावर वाढली. आशिया-आफ्रिकेत लसी, प्रतिजैविकं आणि स्वच्छ पाणी थोड्याच काळात पोचलं. मृत्युदर भराभर उतरला, जन्मदर मात्र बराच काळ चढा राहिला. १९५० साली सुमारे २५० कोटी असलेलं जग नोव्हेंबर २०२२मध्ये ८०० कोटींवर पोचलं, ते प्रामुख्याने यामुळे. २००७च्या सुमारास जगातली निम्मी माणसं शहरवासी झाली. श्रीमंत देशांत दर पाचांतले जवळपास चार आधीच शहरात राहतात आणि जपानची तर लोकसंख्याच घटते आहे. त्यामुळे यापुढची शहरं मुख्यतः आपल्याकडे आणि आफ्रिकेत वाढणार.

महाराष्ट्रात आता एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत (२०१९-२१ची पाहणी). पिढी जेमतेम टिकवायला २.१ लागतात. तरी वाढ लगेच थांबत नाही, कारण मूल होण्याच्या वयातली माणसंच आज भरपूर आहेत. शिवाय कामासाठी येणारेही बहुतेक तरुणच. म्हणून ठाण्यातल्या गर्दीचं खापर कुणाच्या पोरांवर फोडणं मला साफ चुकीचं वाटतं. खरी निकड आहे ती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची, लोकलच्या जादा फेऱ्यांची आणि पाण्याची. वीस-तीस वर्षांनी हेच लोक म्हातारे होतील, तेव्हा त्यांना घराजवळ दवाखाना लागेल. त्यासाठी कुठल्या प्रभागात कोणत्या वयाचे किती लोक राहतात हे नेमकं कळायला हवं, आणि शेवटची जनगणना २०११ची आहे. पुढची २०२७ साली होणार आहे.