पंखा फिरतोय म्हणून एसएमपीएस ठणठणीत?

कॉम्प्युटर सुरू होत नाही असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘मागे हात लावून बघ, पंखा फिरतोय ना? मग एसएमपीएस चांगला आहे.’ एसएमपीएस म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या व्होल्टेजमध्ये बदलून देणारा मागचा डबा. एसएमपीएस असा निर्दोष सुटला की बाकीच्यांची चौकशी लागते. रॅम काढून खोडरबराने घासली जाते, हार्ड डिस्क बदलली जाते, विंडोज नव्याने टाकली जाते. कधी कधी चांगला मदरबोर्डही बळी जातो आणि चार दिवसांनी तक्रार पुन्हा तीच.

पंख्याची साक्ष काढायची म्हणजे कमालच आहे. बारा व्होल्टच्या जागी दहा मिळाले तरी तो फिरतो. त्या दहांवर कितीही थरथर असली तरी फिरतो. प्रोसेसरला असलं काही चालत नाही. इंटेलने १९९५ साली डेस्कटॉपसाठी एटीएक्स नावाचं मानक आणलं. त्यात १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यांना फक्त पाच टक्के वर-खाली होण्याची सूट आहे, म्हणजे बाराच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट. त्याशिवाय डीसीवर उरणारी बारीक थरथर, जिला रिपल म्हणतात, ती बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आणि उरलेल्या दोन्हींवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. एसएमपीएस सुरू झाल्यावर आधी स्वतःचे व्होल्टेज तपासतो आणि सगळं ठीक वाटलं तरच करड्या तारेवरून मदरबोर्डला ‘पॉवर गुड’चा इशारा देतो. हा इशारा साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा. आलाच नाही तर मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. पंखे फिरताहेत, दिवे लागलेत आणि पडदा काळाच, हे दृश्य बऱ्याचदा तिथून येतं.

हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून एसएमपीएस सुरू करून बघण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. तिने पूर्ण मेलेला एसएमपीएस ओळखता येतो, आजारी नाही. कारण त्या वेळी त्याच्यावर भारच नसतो. मल्टिमीटरही इथे फसवतो. तो सरासरी दाखवतो, त्यामुळे १२.०२ असा सुरेख आकडा दिसतो आणि त्यावर चाललेला धुमाकूळ पाहायला ऑसिलोस्कोप लागतो.

हा धुमाकूळ येतो कुठून? एसएमपीएसमध्ये घरातली एसी वीज आधी सरळ करून डीसी केली जाते. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला साठ हजार, लाख असे तुकडे पाडतात. तुकडे पाडायचे ते ट्रान्सफॉर्मर लहान व्हावा म्हणून. वारंवारता वाढली की तेवढंच काम कमी लोखंडात, कमी वेढ्यांत होतं. ५० हर्ट्झवर एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर करायला बसलो तर काही किलोंचं धूड होईल, इथे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या मुठीत मावणाऱ्या गाभ्यावर भागतं. पुढे हे तुकडे पुन्हा सरळ करून गुळगुळीत करावे लागतात आणि ते काम करतात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. एसएमपीएसच्या आत दंडगोल डब्या दाटीने उभ्या असतात त्या याच. मला विचाराल तर सगळ्या कॉम्प्युटरमधली सगळ्यात सुंदर वस्तू हीच आहे आणि सगळ्यात आधी मरणारीही हीच.

शाळेत कपॅसिटर म्हणजे दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये विद्युतरोधक, असं शिकवलं होतं. पट्ट्यांचं क्षेत्रफळ जितकं मोठं आणि मधलं अंतर जितकं कमी, तितकी धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, जास्त. एवढ्याशा डबीत हजारो मायक्रोफॅरड भरायचे तर दोन्ही टोकं गाठावी लागतात. म्हणून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी रसायनात अशी कोरतात की तिच्यात सूक्ष्म बोगदे पडतात आणि प्रत्यक्ष पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. मग वीज देऊन त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवतात. थर चढवताना दिलेल्या दर व्होल्टला सुमारे १.४ नॅनोमीटर, असं हे साधं गणित आहे. बारा व्होल्टच्या बाजूला बसणाऱ्या कपॅसिटरमध्ये हा थर साधारण ३० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दोन हजारावा भाग. विद्युतरोधक तो एवढाच.

आता दुसरी पट्टी आणायची कुठून? त्या बोगद्यांत शिरेल असा कोणताही घन धातू तिथे नेऊन बसवता येत नाही. म्हणून द्रव वापरतात. इथिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात क्षार विरघळवून त्यात कागद भिजवतात आणि पट्ट्यांच्या मध्ये गुंडाळतात. द्रव प्रत्येक बोगद्यात शिरतो आणि तोच दुसरी पट्टी बनतो. डबीत दिसणारी दुसरी ॲल्युमिनियमची पट्टी ही फक्त त्या द्रवाला तार जोडायची सोय. थराला कुठे बारीक चीर पडली, तर हाच द्रव तिथे नवं ऑक्साइड तयार करून ती बुजवतो. स्वतःची जखम स्वतः भरणारा असा सुटा भाग इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार सापडत नाही.

पण द्रव म्हटला की तो उडून जाणार. डबीचं तोंड रबराने बंद केलेलं असतं आणि रबरातून वाफ थोडी थोडी झिरपतेच. द्रव कमी झाला की धारकता घटते, पण तो दोष दुय्यम. खरा घात करतो आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात. टाकी भरलेली आहे पण तोटी गाळाने तुंबली आहे, अशातला हा प्रकार. आकड्यांत पाहू. समजा एका कपॅसिटरमधून २ अँपिअरची थरथर जातेय आणि त्याचा रोध ०.०३ ओहम आहे. तर उरणारी थरथर २ गुणिले ०.०३, म्हणजे ६० मिलिव्होल्ट आणि आत तयार होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ०.१२ वॅट. रोध दहापट वाढू द्या. थरथर ६०० मिलिव्होल्टवर गेली, बारा व्होल्टच्या मर्यादेच्या पाचपट. उष्णता १.२ वॅट झाली. तापल्यावर द्रव आणखी लवकर उडतो, रोध आणखी वाढतो, कपॅसिटर आणखी तापतो. एकदा उतार लागला की हा खेळ आपोआप वेग घेतो.

तापमानाचा हिशेब इथे निर्दयी आहे. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश सेल्सिअसला आयुष्य निम्मं किंवा दुप्पट. १०५ अंशांना २००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर चालवला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास मिळतात. रोज आठ तास वापरात जवळपास अकरा वर्षं. त्याच जागी तेवढ्याच तासांचा, पण ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर बसवला तर ८००० तास, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. पंख्याच्या जाळीवर बसलेली धूळ ही दिसायला कुरूप म्हणून झटकायची नसते, तिने आतले दहा अंश वाढतात म्हणून झटकायची असते.

वरचं टोक फुगलेला कपॅसिटर खराब हे सगळ्यांना माहीत असतं. २००० सालानंतरच्या काही वर्षांत असे फुगलेले कपॅसिटर जगभर निघाले. रोध कमी करायला द्रवात पाणी वाढवलं होतं, पण पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि ते थोपवणारं रसायन नीट नव्हतं. हायड्रोजन तयार झाला आणि टोपणावरच्या खाचा फुटल्या. सुकून मेलेला कपॅसिटर मात्र बऱ्याचदा फुगत नाही. वरून सपाट, चकचकीत, आतून कोरडा.

या द्रवातून वीज वाहते ती आयनांमुळे, त्यामुळे तो धातूच्या उलट वागतो: थंडीत रोध वाढतो, तापला की कमी होतो. म्हातारा कपॅसिटर सकाळी गार असताना काम करत नाही. बटण चार-पाच वेळा दाबलं की थोडा गरम होतो, मशीन सुरू होतं आणि मग दिवसभर सुरळीत चालतं. ‘आमच्या कॉम्प्युटरला सकाळी मूड लागतो’ असं लोक हसत सांगतात. हा मूड म्हणजे सुकलेल्या द्रवाचं थर्मामीटर आहे.

आणि हा सुकण्याचा कार्यक्रम कॉम्प्युटर बंद असतानाही चालू असतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग चोवीस तास जागा असतो, समोरचं बटण दाबल्याचं ओळखायला. त्या वेळी पंखा मात्र थांबलेला असतो. त्यामुळे तिथले छोटे कपॅसिटर वाऱ्याशिवाय रात्रंदिवस शेकत राहतात आणि अनेकदा पहिले तेच जातात.

उच्च दाबाच्या बाजूचा मोठा कपॅसिटर वेगळं काम करतो. वीज क्षणभर गेली तर साठ्यावर गाडा ओढायचा. ३९० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३८० व्होल्टला भरला तर त्यात सुमारे २८ ज्यूल असतात. दाब ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो त्यातले साडेदहा वापरता येतात, म्हणजे ५०० वॅटला २१ मिलिसेकंद. धारकता निम्मी झाली की हे जेमतेम दहा उरतात आणि साध्या यूपीएसला बॅटरीवर यायलाच दहापर्यंत मिलिसेकंद लागू शकतात. यूपीएस असूनही वीज जाताच मशीन रीस्टार्ट होतं आणि लोक यूपीएसची बॅटरी बदलून येतात!

कपॅसिटरचा विषय निघालाच आहे तर सांगतो: प्लगमध्ये खुपसून वीजबिल कमी करणाऱ्या ज्या डब्या विकतात, त्यात बहुतेकदा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरचं बिल किलोवॅट-तासांवर येतं, त्यात त्या कपॅसिटरने काही फरक पडत नाही. दिव्याचे चार पैसे वाढतात एवढंच.

आता बदलण्याचं. आतले कपॅसिटर बदलून एसएमपीएस दुरुस्त होतो, पण ते काम जाणत्याचं. मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट राहू शकतात, म्हणून डबा न उघडता अख्खा बदलावा. नवा जास्त वॅटचा घेतला तर बिल वाढेल ही भीती निराधार आहे. ६५० वॅट ही त्याची कमाल क्षमता आहे, मशीन मागेल तेवढेच वॅट तो देतो. मदरबोर्डमध्ये जास्तीची वीज ‘घुसत’ही नाही, कारण व्होल्टेज तेच राहतं. वेष्टनावरचं ८० प्लसचं चिन्ह कार्यक्षमतेचं आहे, म्हणजे आत गेलेल्या विजेपैकी किती बाहेर येते त्याचं. रिपल किती किंवा कपॅसिटर कोणते, हे ते सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं आणि बारा व्होल्टच्या ओळीतले अँपिअर वाचावेत. ५०० वॅटच्या लेबलवर बाराच्या ओळीत २० अँपिअर असतील, तर तो आजच्या मशीनसाठी २४० वॅटचाच डबा समजावा. तयार डेस्कटॉप असेल तर मापही आधी घ्यावं. एटीएक्सचा डबा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असतो, काही कंपन्या मात्र स्वतःचाच आकार आणि स्वतःचीच जोडणी वापरतात.

जोडताना प्लग काढून समोरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवरचा उरलासुरला साठा निघून जाईल. प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीत खटक्याच्या बाजूला बारा व्होल्ट आहेत आणि दुसरीत त्याच बाजूला ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट. खाचा वेगळ्या असतात, तरी जोर लावून घुसवणारे भेटतातच. जात नसेल तर ती जागा तिची नाही.

सुट्या केबलचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर आणखी एक सापळा आहे. मदरबोर्डकडचं टोक मानकात बांधलेलं आहे, डब्याकडचं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तिथल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. जुनी केबल नव्या डब्यात छान बसते, खटकाही लागतो आणि बटण दाबताच हार्ड डिस्कच्या पाच व्होल्टच्या पिनवर बारा व्होल्ट येतात. नव्या डब्याला नव्याच केबल लावाव्यात आणि जुन्या केबल जुन्या डब्याला बांधूनच ई-कचऱ्यात द्याव्यात.