दृश्यशिक्षण (बडोदे संस्थान)

दृश्यशिक्षण : चित्र, काचपट्टी (स्लाइड), त्रिमितीय छायाचित्र किंवा चलचित्र दाखवून द्यावयाचे शिक्षण. शिकणाऱ्याला अक्षरओळख असलीच पाहिजे अशी अट त्यात नसते. बडोदे संस्थानात ग्रंथालय खात्याच्या अखत्यारीत याची स्वतंत्र शाखा होती. तिचा आरंभ सामान्यतः १९१२ च्या सुमारास धरतात.

सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. नव्याने साक्षर झालेले पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून ग्रंथालये काढण्यात आली. त्यांच्या उभारणीसाठी अमेरिकी ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन १९१० ते १९१३ या काळात बडोद्यात होते. लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती पुस्तकालये त्याच व्यवस्थेतली. खात्याच्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. दरबारी वर्ग मराठी आणि खेडी गुजराती बोलणारी, अशा संस्थानात चित्र अधिक उपयोगी पडले असावे, असा तर्क करता येतो. खात्याच्या दृश्यशिक्षणाच्या साधनांत पडद्यावर चित्र पाडणारे कंदील, त्रिमितीय छायाचित्रे पाहण्याचे स्टिरिओस्कोप व सिनेमायंत्रे होती.

यांपैकी कंदील, म्हणजे चित्रदीप (मॅजिक लँटर्न), या उपकरणाचा जनक कोण, याबद्दल मतभेद आहेत. जुने संदर्भग्रंथ ते श्रेय जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातील पंडित आटानासियुस किर्चर यांना देतात आणि त्यासाठी त्यांच्या प्रकाशविषयक ग्रंथाची १६४६ ची आवृत्ती पुढे करतात. परंतु कंदिलाचे स्पष्ट वर्णन व आकृती १६७१ च्या दुसऱ्या आवृत्तीत येते आणि त्या आकृतीतच गफलत आहे : चित्रपट्टी भिंगाच्या पुढे, म्हणजे पडद्याच्या बाजूला, दाखवली आहे. प्रत्यक्षात क्रम असा : दिवा, प्रकाश एकवटणारे भिंग, काचपट्टी आणि शेवटी पुढचे भिंग. पुढचे भिंग प्रतिमा उलटी करीत असल्याने पट्टी उलटीच घालावी लागते. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६५९ मध्ये अशा पट्टीसाठी काढलेली हलत्या सांगाड्याची रेखाटने उपलब्ध असल्याने आता त्यांच्याकडेच अभ्यासकांचा कल आहे, आणि तो रास्त वाटतो. महाराष्ट्रात हा खेळ कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने गाजवला. चित्रपटकार दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवन या कला व तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले, हेही येथे आठवते. मात्र कलाभवन १८९० चे, ग्रंथालय खात्याच्या शाखेशी त्याचा थेट संबंध नाही.

स्टिरिओस्कोपचे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये मांडले. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोघांना दिसणारे दृश्य किंचित वेगळे असते आणि मेंदू त्या फरकावरून खोली ताडतो. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन छायाचित्रे, समजा नदीवरच्या एका पुलाची, चिकटवलेली असतात. वरवर पाहता ती एकच वाटतात. पुठ्ठा चौकटीत अडकवून ती चौकट दांडीवरून मागेपुढे सरकवीत जावे; सुरुवातीला दोन चित्रे एकमेकांवर घसरतात, मग एका जागी ती अचानक जुळतात आणि पुलाचा कठडा पुलापासून सुटून पुढे येतो. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरण्याजोगा स्वस्त घाट तयार केला. त्याचे एकस्व (पेटंट) त्यांनी घेतले नाही. कंदिलापुढे सभा बसते, स्टिरिओस्कोपमध्ये मात्र एका वेळी एकच माणूस डोकावतो, हा वापरातला मोठा फरक.

१९१३ मध्ये, म्हणजे बॉर्डन यांनी बडोदे सोडले त्याच वर्षी, टॉमस एडिसन यांनी चलचित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील असे भाकीत केले होते. बडोद्याने सिनेमायंत्र ग्रंथपालाच्याच हाती दिले होते. या दोन भूमिकांपैकी दुसरी अधिक टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

साधनामुळे शिकणे खरोखर सुधारते का, हा वाद नंतरचा. शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये साधन हे केवळ वाहन असते, माल पोचवणाऱ्या गाडीमुळे आहार बदलत नाही, असे प्रतिपादन केले. त्याच क्षेत्रातील रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ मध्ये प्रत्येक साधनाची काही खास क्षमता शिकण्यात उतरते, असे उत्तर दिले. घनाकृती, शरीररचना, यंत्राचे भाग अशा, सपाट कागदावर मुळातच गैरसोयीच्या, विषयांपुरते कोझमा यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. व्याकरण किंवा हिशेब यांना ते तितकेसे लागू पडत नाही.

आजचे आभासी वास्तवाचे चष्मे तत्त्वतः स्टिरिओस्कोपच आहेत. गूगलचे २०१४ मधील पुठ्ठ्याचे ‘कार्डबोर्ड’ तर उघडच त्या वळणाचे : मोबाइलच्या पडद्याचे दोन भाग आणि प्रत्येकासमोर एक भिंग. भर पडली ती मान वळण्याची नोंद घेणाऱ्या संवेदकाची. जुन्या पुठ्ठ्यावर मान फिरवली तरी पूल तसाच राहत असे. चष्म्यात मान फिरवली की नदीचा दुसरा काठ दिसू लागतो.