राजस्थान : वाळवंटाचा नंबर शेवटी लागला

राजस्थान म्हटले की वाळू डोळ्यांपुढे येते, पण तिथली नावाजलेली जंगले वाळवंटात नाहीत. रणथंबोर, सरिस्का, भरतपूर ही सगळी राज्याच्या पूर्व भागातली. याचे मूळ संस्थानी काळात आहे. जयपूर, अलवर, भरतपूरच्या राजांनी शिकारीसाठी राखलेले टापूच स्वातंत्र्यानंतर अभयारण्ये झाले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारींचा हिशेब दगडावर कोरलेला आजही वाचता येतो : तारीख, मानकरी पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तरीही ही पाणथळ जागा टिकली ती याच हौसेपायी, हे मान्य करावे लागते.

पश्चिमेकडे राखण लोकांनीच केली. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात दरबारची माणसे खेजडीची झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींसह बिष्णोई पंथाचे ३६३ जण झाडांना मिठी मारून मेले. याशिवाय गावोगावी ओरण आहेत, म्हणजे आपल्या देवराईसारखी देवाच्या नावाने सोडलेली जमीन. तिथे कुऱ्हाड चालत नाही, गुरे मात्र चरतात. सरकारी दप्तरात यातल्या बऱ्याच जमिनी ओरण म्हणून चढल्याच नाहीत, म्हणून त्या सौर प्रकल्पांना देता येतात; आजचे वाद पेटले ते त्यामुळे.

खुद्द वाळवंटाकडे सरकारचे लक्ष वळले ते एका पक्ष्यामुळे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अरब राजघराण्यातले पाहुणे ससाणे घेऊन जैसलमेर भागात तिलोर या पक्ष्याच्या शिकारीला आले आणि राज्यात ओरड झाली. तिलोरचा थोरला भाऊबंद गोडावण, म्हणजे आपला माळढोक, त्या गदारोळात चर्चेत आला. १९८० मध्ये जैसलमेर-बाडमेरमधले ३,१६२ चौरस किलोमीटर 'राष्ट्रीय मरू उद्यान' म्हणून जाहीर झाले. नाव राष्ट्रीय उद्यानाचे, कायद्याने दर्जा अभयारण्याचा. कारण आत डझनावारी गावे, शेते, कुरणे. प्रत्यक्षात कडक राखण होते ती सुदासरीसारख्या कुंपण घातलेल्या मोजक्या तुकड्यांची. सोलापूर-नगरच्या माळढोक अभयारण्यातही हेच घडले : १९७९ मध्ये नकाशावर ८,४९६ चौरस किलोमीटर, नंतर कापत कापत सुमारे १,२२२.

गुरे हाकलणे हा सोपा उपाय नाही, हे भरतपूरने दाखवलेच होते. १९८२ मध्ये तिथे चराईबंदी झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात दिसले की म्हशी नसल्याने गवत माजून पाणी झाकले गेले.

माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रे, कोल्हे, गुरांचे खूर, सगळ्यांच्या तावडीत. शिवाय या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. जैसलमेरजवळच्या सम येथे २०१९ पासून पिल्ले कृत्रिमरीत्या वाढवली जात आहेत. उरलेल्या माळढोकांचा एक महत्त्वाचा गट मात्र उद्यानाच्या हद्दीबाहेर, पोखरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात राहतो. तिथे तोफा चालतात, पण माणसांना आणि गुरांना सहसा प्रवेश नाही.