न्हाणीघरातील कचरा आणि टिकाऊ प्रसाधने (पुणे)

अंघोळ, केस धुणे, दात घासणे, दाढी आणि पाळी यांसाठी लागणाऱ्या वस्तूंचा कचरा कमी करण्याची पद्धत. पुन्हा वापरता येणारी साधने घेणे, कमीत कमी वेष्टनाची प्रसाधने निवडणे आणि जे टाकावेच लागते ते वेगळे बांधून देणे, हे सर्व यात येते. स्वयंपाकघरात ओला-सुका वेगळा करणाऱ्या अनेक घरांत न्हाणीघरातली बादली मात्र एकच असते आणि तीत सगळे एकत्र पडते.

पुण्यात ही बादली शेवटी माणसाच्या हातून निवडली जाते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. दारात येणारी ताई सुका कचरा हाताने निवडते, कारण त्यातला विकण्याजोगा माल हा तिच्या कमाईचा भाग असतो. त्यात वापरलेले पॅड, डायपर किंवा दाढीचे पाते असले, तर ते थेट तिच्या हाताला लागते. म्हणून घरात बदल करायचा तर सुरुवात बांबूच्या ब्रशापासून नको, पॅड आणि पात्यांपासून हवी.

बाजारातल्या पॅडमध्ये लाकडाचा लगदा, ओल शोषणारे पॉलिमर आणि खाली प्लॅस्टिकचा थर असतो. ते कुजत नाही, आणि कमी तापमानाला जाळले तर विषारी वायू सुटतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडीत काय आहे ते न उघडता कळते, ही ‘स्वच्छ’ची मोहीम पुण्यात चांगलीच ओळखीची झाली आहे. असा कचरा नीट गुंडाळूनच द्यावा, हे घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही आहे. शाईचा एक ठिपका काढायला काहीच लागत नाही, तरी तो कितीतरी पुड्यांवर नसतो, हे खटकते.

पॅडऐवजी पाळीसाठीचा सिलिकॉनचा कप वापरता येतो. नीट जपला तर तो अनेक वर्षे टिकतो. दर पाळीच्या आधी किंवा नंतर उकळून घ्यावा लागतो आणि दिवसातून किमान दोनदा रिकामा करून धुवावा लागतो. कापडी पॅड आधी गार पाण्यात भिजवायचे, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचे. पुण्याच्या पावसाळ्यात, त्यातही लहान फ्लॅटमध्ये, हे वाळवणेच सर्वांत अवघड जाते. शिवाय ते आडोशाला, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातले जातात आणि दमट राहतात. त्यांना उघड्यावर ऊन मिळणे हा आरोग्याचा भाग आहे. तान्ह्या बाळासाठी जुन्या सुती साडीचे लंगोट आजही अनेक घरांत शिवले जातात. डायपर फक्त प्रवासात आणि रात्री, एवढे केले तरी पुड्या बऱ्याच कमी होतात.

दाढीसाठी स्टीलचा रेझर एकदा घेतला की फक्त पाते बदलावे लागते. जुनी पाती झाकणाच्या पत्र्याच्या डबीत साठवावीत, डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, सांगून द्यावी.

केसांसाठी शिकेकाई, रिठा, आवळा आणि नागरमोथा मंडई-रविवार पेठेकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुटे मिळतात. शेंगा रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळून कुस्करायच्या आणि तपकिरी पाणी फडक्याने गाळून घ्यायचे. शेंगांतल्या सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे थोडा फेस येतो. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, तेवढे सांभाळावे. चोथा ओल्या कचऱ्यात जातो. इतका वेळ नसलेल्यांसाठी शाम्पूची वडी आहे. बाटलीतल्या शाम्पूत बहुतांश पाणीच असते. वडी घेताना घरचे पाणी पाहावे. टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांत पाणी जड असते. त्यात साबणाच्या जातीची वडी कॅल्शियमशी मिळून चिकट साका धरते आणि केस राठ होतात. तिथे साबणविरहित वडी घ्यावी.

अंग घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि टाचांना वज्री पुरते. प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत.

शाम्पूची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, पण शाम्पूची एक रुपयाची पुडी आणि टूथपेस्टची अनेक थर चिकटवून केलेली ट्यूब घेत नाही. त्यामुळे जिथे जमेल तिथे डबीतली दंतमंजने बरी. बांबूच्या ब्रशाचा दांडा मातीत कुजतो, तंतू मात्र बहुधा नायलॉनचेच असतात. ते पक्कडीने उपटून सुक्यात टाकावेत आणि दांडा कुंडीत पुरावा. पावसाळ्यात असा ब्रश कोरड्या जागी उभा ठेवला नाही तर त्याला बुरशी लागते.