उसन्या विषावर जगणारी पटकी

1959 साली कोलकात्यात संशोधक शंभुनाथ डे यांनी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जीवाणू वाढवलेलं द्रव गाळून घेतलं. त्यात एकही जीवाणू उरला नव्हता. ते द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडल्यावरही आतडं पाण्याने टम्म फुगलं. माणसाच्या अंगातलं पाणी काही तासांत काढून घेणारा खरा गुन्हेगार जीवाणूने सोडलेलं विष आहे, हे त्यातून सिद्ध झालं. पण हे विष मुळात त्या जीवाणूचं नव्हतंच, हे कळायला 1996 साल उजाडावं लागलं.

मॅथ्यू वॉल्डोर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी त्या वर्षी दाखवलं, की विष बनवणारी जनुकं एका विषाणूने आणून सोडलेली आहेत. जीवाणूंना लागण करणाऱ्या अशा विषाणूंना फेज म्हणतात. सीटीएक्स नावाचा हा धाग्यासारखा फेज व्हिब्रिओ कॉलरी या जीवाणूत शिरतो आणि त्याला न मारता त्याच्या गुणसूत्रात ठाण मांडतो. आत शिरण्यासाठी तो जीवाणूच्या अंगावरचे बारीक तंतू धरतो. हेच तंतू वापरून जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करतो. म्हणजे आतड्यात टिकण्याची तयारी ज्याच्याकडे आधीच आहे, नेमकं त्यालाच विषही मिळतं. उत्क्रांतीच्या अभ्यासात इतकी भेदक जुळणी क्वचित सापडते.

व्हिब्रिओ कॉलरी मूळचा खाडीच्या मचूळ पाण्यातला. त्याचे 200 हून अधिक प्रकार आहेत, पण मोठ्या साथी आणल्या त्या फक्त दोघांनी, ओ-1 आणि ओ-139. पाण्यात तो कोळंबीच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवांच्या कवचाला चिकटून राहतो. त्या कवचातल्या कायटिनचा स्पर्श झाला, की तो आजूबाजूला पडलेला डीएनए आत ओढून घेऊ लागतो. इतकंच नाही, तर शेजारच्या जीवाणूंना भाल्यासारख्या यंत्रणेने भोसकून मारतो आणि त्यांचा सांडलेला डीएनएही उचलतो. नवी जनुकं गोळा करण्याचा हा उद्योग खाडीत आपल्या नकळत अखंड चालू असतो.

त्याचं फळ 1992 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये दिसलं. पटकीचे रुग्ण येत होते, पण त्यांच्यातला जीवाणू ओ-1 ओळखणाऱ्या चाचणीला दादच देत नव्हता. जिथे पटकी नेहमीची आहे, तिथे मोठ्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. या वेळी मोठी माणसंही आजारी पडली. काही महिन्यांत हा जीवाणू कोलकाता आणि बांगलादेशात पोचला. त्याला ओ-139 नाव मिळालं. जनुकं तपासली, तेव्हा तो ओ-1 चाच ‘एल टोर’ हा जुना उपप्रकार निघाला. फक्त बाहेरच्या आवरणातली साखरेची साखळी बनवणारी जनुकं बदललेली होती, आणि आपली प्रतिपिंडं नेमकी ती साखळीच ओळखतात. शिवाय अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा ‘एसएक्सटी’ हा जनुकांचा गठ्ठाही त्याच्यात सापडला. आता आठवी जागतिक साथ येणार, अशी धास्ती होती. तसं झालं नाही. ओ-1 पुन्हा वरचढ ठरला आणि ओ-139 मागे पडला.

ही झाली घाऊक उचल. दुसरा बदल अगदी संथ असतो. पोथीच्या नकलेवरून नक्कल करताना चुकून एखादं अक्षर बदलावं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरावी, तसा. जीवाणूच्या डीएनएतल्या सुमारे 40 लाख अक्षरांत वर्षाला साधारण तीन अक्षरं अशी बदलतात. रोगाच्या तीव्रतेत त्याने बहुधा काही फरक पडत नाही, पण कोणती नक्कल कोणत्या नकलेवरून झाली ते कळतं. 2011 साली 154 नमुन्यांचे जीनोम अशा रीतीने जुळवून पाहिले गेले. 1961 साली इंडोनेशियात सुरू झालेली सातवी जागतिक साथ बंगालच्या उपसागराच्या परिसरातून किमान तीन लाटांनी जगभर गेल्याचं त्यात दिसलं.

हैतीत या पद्धतीचा कस लागला. तिथे शंभरेक वर्षांत पटकीची नोंद नव्हती. ऑक्टोबर 2010 मध्ये आर्टिबोनिट नदीच्या खोऱ्यात ती उसळली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीचा तळ त्याच नदीच्या उपनदीकाठी होता. नेपाळ आणि हैतीतले काही जीवाणू जुळवले, तर अवघ्या एक-दोन अक्षरांचा फरक निघाला. त्या साथीत जवळपास 10 हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागितली ती 2016 च्या डिसेंबरात. साथ पेटलेली असताना मूळ शोधण्यात वेळ घालवू नये, असं तेव्हा म्हटलं गेलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. मैला कुठून नदीत गेला हे कळलंच नाही, तर पुढच्या तुकडीची तपासणी आणि तळावरचे संडास सुधारणार कोण?

इतके बदल होऊनही पटकीवरचा मुख्य उपाय निकामी झालेला नाही. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर फेकत सुटतात, पण साखरेबरोबर सोडियम आत घेण्याचा त्यांचा दुसरा मार्ग शाबूत राहतो. सोडियममागोमाग पाणीही आत येतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांखाली आलं. हा मार्ग आपल्या पेशींचा आहे, त्यामुळे जीवाणूने प्रतिजैविकं निकामी करणारी कितीही जनुकं उचलली, तरी हे पाणी लागू पडतं.