क्वांटमच्या धोक्यासाठी मेडिकल डिव्हाइस तयार करताय? एफडीएच्या अर्जात काय काय लागतं

अमेरिकेत कनेक्ट होणारं मेडिकल डिव्हाइस विकायचं तर 29 मार्च 2023 पासून तिथल्या अन्न-औषध कायद्याचं कलम 524बी लागू आहे, म्हणजे एफडीएकडे (औषधं आणि मेडिकल डिव्हाइसना मंजुरी देणारी अमेरिकी संस्था) करायच्या अर्जासोबत सायबरसिक्युरिटीची कागदपत्रं द्यावीच लागतात. कायद्यात क्वांटमचा, म्हणजे आजचं एन्क्रिप्शन फोडू शकतील अशा भविष्यातल्या क्वांटम कॉम्प्युटरचा, उल्लेख नाही म्हणून बऱ्याच टीम तो विषय पुढे ढकलतात, पण आज बसवलेला पेसमेकर पुढची आठ-दहा वर्षं पेशंटच्या छातीत असणार आणि एनआयएसटीच्या (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) 2024 च्या मसुद्यात तर 2035 नंतर आरएसए आणि ईसीसी या आजच्या नेहमीच्या एन्क्रिप्शन-सहीच्या पद्धती बंदच करायचं म्हटलंय, त्यामुळे याचा विचार आत्ताच करायला हवा.

हे कोणाला लागू होतं? डिव्हाइसमध्ये सॉफ्टवेअर आहे, ते इंटरनेटला जोडता येतं आणि हल्ला होऊ शकेल असं काही त्यात आहे, तर लागू. वायफाय नाही, फक्त यूएसबी पोर्ट किंवा ब्लूटूथ आहे म्हणून सुटका होत नाही.

कागदपत्रांत एसबीओएम हवं, म्हणजे आतल्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी, ओपन सोर्ससकट. एन्क्रिप्शनचं काम करणाऱ्या क्रिप्टो लायब्ररीचं व्हर्जन तिथे नीट बघा, उदाहरणार्थ ओपनएसएसएल या लायब्ररीत 3.5 पासून एमएल-केईएम (की ठरवण्यासाठी) आणि एमएल-डीएसए (डिजिटल सहीसाठी) हे क्वांटमला तोंड देणारे अल्गोरिदम मिळतात, जुन्यात नाही. शिवाय विक्रीनंतर त्रुटी कशा शोधणार, कळवणार आणि पॅच कसे देणार याचा प्लॅन.

या प्लॅनवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. डेटा आज चोरून ठेवून पुढे उघडतील ही भीती आहेच, पण फर्मवेअरची (डिव्हाइसच्या आतल्या सॉफ्टवेअरची) डिजिटल सही खोटी करून बनावट अपडेट घालता आलं तर थेट पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. सही तपासायची किल्ली (key) बूटलोडरमध्ये, म्हणजे डिव्हाइस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कायमची पक्की केली असेल तर नंतर ती बदलणार कशी, पेसमेकर काही परत मागवता येत नाही! ईसीडीएसएची (ईसीसीवर आधारलेली आजची पद्धत) सही साधारण 64 बाइटची, एमएल-डीएसएची सगळ्यात छोटीसुद्धा 2420 बाइटची, म्हणजे मेमरी आणि बॅटरीचा हिशोब डिझाइनच्या वेळीच करावा लागतो. अल्गोरिदम बदलायची सोय कशी ठेवलीय ते अर्जातल्या आर्किटेक्चर व्ह्यूमध्ये, म्हणजे डिव्हाइस अपडेट कसं होतं ते दाखवणाऱ्या आराखड्यात, स्पष्ट दाखवा.

शंका असेल तर आधी प्री-सबमिशन (मुख्य अर्जाआधी सल्ला मागायची विनंती) करून एफडीएलाच विचारा, त्याला फी नाही. मग 510के (आधीपासून बाजारात असलेल्या डिव्हाइससारखंच आहे असं दाखवणारा अर्ज) असेल तर तो ईस्टार या एफडीएच्या इलेक्ट्रॉनिक फॉर्ममध्येच भरायचा. मंजूर झालेल्या डिव्हाइसचा एन्क्रिप्शन अल्गोरिदम बदलताय आणि त्यासाठी नवा अर्ज लागतोय, तर हीच कागदपत्रं पुन्हा द्यावी लागतात, तेवढा वेळ वेळापत्रकात धरून ठेवा.